ठळक अक्षरांची दहशत

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण आकडे वाचत नाही, ठळक अक्षरं हुडकतो. माझ्या रिपोर्टात एमसीएचसमोर ठळक २६.४ आणि शेजारी 'एल'. मर्यादा २७ ते ३२. एमसीएच नावाची वस्तू आपल्या अंगात आहे याचा मला पत्ता नव्हता. पण ती कमी आहे म्हटल्यावर तिथल्या तिथे थकवा जाणवू लागला.

एका तांबड्या पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते एमसीएच सांगतं, आणि तेही पिकोग्रॅममध्ये. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केल्यावर त्यातला एक. माझा तुटवडा ०.६ पिकोग्रॅमचा. किलोंची काळजी करा म्हणून लोक वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतायत, तिकडे मी ढुंकून पाहिलं नाही, या ०.६ नं मात्र झोप उडवली.

मग ही मर्यादा ठरवतं कोण, हे शोधून काढलं. सर्वसाधारणपणे पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासतात, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना 'नॉर्मल' म्हणतात. म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं केवळ टोकाला उभी होती म्हणून ठळक अक्षरात! एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचीही निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. आणि पॅकेजं तर साठ-सत्तर चाचण्यांची असतात. सगळंच्या सगळं नॉर्मल आलेल्या माणसाकडे मी हल्ली जरा संशयानंच बघतो.

रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : निष्कर्ष लक्षणांशी ताडून पाहावेत. बायकोनं विचारलं, "लक्षणं काय आहेत तुम्हाला?"

"थकवा."

"कधीपासून?"

"रिपोर्ट आल्यापासून."

डॉक्टरांनी एमसीएचवर नजरसुद्धा थांबवली नाही. हिमोग्लोबिन बरोबर, पेशींचा आकार बरोबर, पुढे चला. पेन थांबलं ते एचबीए१सी या रक्तातल्या साखरेच्या चाचणीवर. ५.६. साध्या, निरुपद्रवी अक्षरात छापलेलं! ५.७ पासून मधुमेहाची पूर्वपायरी आणि ६.५ पासून मधुमेह, म्हणून हा आकडा मी घरी मोठ्या अभिमानानं वाचून दाखवला होता.

"मागच्या वर्षीचा रिपोर्ट?"

त्यात ५.२ होतं. डॉक्टरांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. "मर्यादेत आहे, पण निघालंय कुठे ते बघा."

ही चाचणी मोठी चहाडखोर. उपाशीपोटीची साखर दोन दिवस तोंडावर ताबा ठेवून थोडीफार सांभाळता येते. पण तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस, आणि तेवढ्यात तिला जी साखर चिकटते ती काही सुटत नाही. दोन-तीन महिन्यांचा कच्चा चिठ्ठा बाहेर येतो.

"जेवणानंतर गोड खाता का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी 'कधीमधी' म्हणायला तोंड उघडलं, पण बायको खुर्ची पुढे सरकवून बसली होती.