पार्वोची साथ लपवून पिल्लू देऊ नका

कुत्र्याचं पिल्लू आणायच्या बेतात असलेल्या मावशीला एक मेसेज आला आणि तिला पटलाही, म्हणून लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: शेल्टरमध्ये (बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात) पार्वोची, म्हणजे कुत्र्यांना उलट्या-जुलाब होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची, साथ असली तरी पिल्लू नेणाऱ्यांना सांगू नये, लोक घाबरतात, पिल्लू खेळतंय, लस झालीय, मग भीती नाही, फरशी फिनेलने पुसा, जुलाब झालेच तर हळद घालून ताक पाजा.

सगळ्यात घातक म्हणजे ते ‘खेळतंय ना’. विषाणू पोटात गेल्यापासून उलट्या-जुलाब सुरू व्हायला बहुधा 3 ते 7 दिवस जातात, कधी 14 सुद्धा. विष्ठेतून विषाणू पडायला मात्र त्याआधीच सुरुवात होते. म्हणजे शनिवारी घरभर उड्या मारणारं पिल्लू बुधवारी रक्ताचे जुलाब करू शकतं, आणि तोवर सोसायटीतल्या कुत्र्यांनी त्याची जागा हुंगून झालेली असते. साथ माहीत असेल तर माणूस पहिल्या उलटीलाच डॉक्टर गाठतो. नसेल तर ‘जागा बदलली, खाणं बदललं’ म्हणत दोन दिवस घालवतो. एवढ्याशा पिल्लाच्या अंगातलं पाणी तेवढ्यात संपतं.

लसीचं अर्धं खरं आहे, मान्य. लस उत्तमच, पण एका डोसवर विसंबता येत नाही. आईकडून चिकातून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) लस लागू होऊ देत नाहीत, आणि ती कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणूनच वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना घरच्या पिल्लाला 6-8 आठवड्यांपासून, दर 2 ते 4 आठवड्यांनी, किमान 16 आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायला सांगतात. शेल्टरमधल्या पिल्लाला तर 20 आठवड्यांपर्यंत. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या कार्डावर एक नोंद दिसली म्हणून साथ लपवायची?

फिनेलने पार्वो मरत नाही. आधी घाण साबणाने काढा, मग 5 टक्क्यांचं ब्लीच 1 भाग आणि पाणी 30 भाग, फरशी 10 मिनिटं ओली ठेवा. ब्लीचमध्ये ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. अंगणातल्या मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो.

ताक-हळद नकोच. उलट्या होणाऱ्या पिल्लाला बळजबरीने पाजलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला सलाईन लागतं.

लोक घाबरतात, काही परत जातात, हे खरं आहे. तरीही शेल्टरने शेवटचा रुग्ण कधी सापडला, हे पिल्लू त्याच्या संपर्कात होतं का आणि कोणते डोस कोणत्या तारखेला झाले, हे कागदावर लिहून द्यावं. संपर्कातलं पिल्लू 14 दिवस वेगळं ठेवूनच द्यावं. ते जमत नसेल तर घरी तेवढे दिवस इतर कुत्र्यांपासून लांब ठेवायला स्पष्ट सांगावं. मावशी, लक्षणं दिसली तर दवाखान्यात आधी फोन कर, आणि बोलावेपर्यंत पिल्लाला तिथे जमिनीवर ठेवू नकोस.