लॅमिनेट करा आणि मोकळे व्हा

तुमच्या घरात एखाद्या नामवंत मराठी लेखकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. ते जपायचं कसं, या काळजीत अजिबात पडू नका. त्यापेक्षा त्याची वाट कशी लावायची ते शिकून घ्या. काम सोपं आहे, स्वस्त आहे आणि वर शाल-श्रीफळही मिळतं. मला हे ज्ञान यंदाच्या मराठी भाषा गौरव दिनी प्राप्त झालं. ते एकटीनेच पोटात ठेवणं बरं नव्हे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात फोटोपासून करावी. पत्र गॅलरीच्या कठड्यावर भर उन्हात पसरावं, उडू नये म्हणून वर चहाचा कप ठेवावा आणि फोटो फेसबुकवर टाकावा. कागद आपला म्हणजे मजकूरही आपलाच, असं समजावं. आपल्याकडे १९५७ चा एक कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण शब्द लिहिणाऱ्याचे आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचे. लेखकाच्या हयातीत जे छापलंच गेलं नाही, त्याची साठ वर्षं तर ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतरच मोजायला लागतात. पण असल्या किरकोळ गोष्टींनी कधी कुणाचे लाइक्स अडलेत?

फाटलं असेल तर सेलोटेप लावावा. पिवळा पडतो, पण पत्र जुनं दिसायला मदतच होते.

दोन-तीन पानी पत्र असेल तर टाचणी. पावसाळ्यात गंजाची नक्षी आपोआप उमटते.

मग किमतीची चौकशी. पत्रात काय लिहिलंय हे विचारणारा माणूस मूर्ख समजावा, शहाणा माणूस विचारतो, "केवढ्याला जाईल?" एखाद्या भाच्याला आठवतं, की गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र कॅलनबाख यांचा पत्रव्यवहार आपल्या सरकारने २०१२ मध्ये लंडनच्या लिलावाआधीच विकत घेतला होता. लगेच घरातल्या पन्नास पैशांच्या कार्डावर कोट्यवधींचे हिशेब मांडले जातात. भाचा न्यू जर्सीला असेल तर "मी येताना घेऊन जातो, इकडे चांगला भाव येईल" असंही म्हणतो. जाऊ द्यावं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पंचाहत्तर वर्षं जुनी, वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखितं आणि कागदपत्रं पुरावशेष ठरतात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या हातचा प्रत्येक कागद आता पंच्याहत्तरी ओलांडलेला आहे. पण भाच्याच्या बॅगेत चकली आणि भाजणीच्या मध्ये कोण बघतंय?

खरं पत्र नसेल तरी निराश होऊ नका, अब्राहम लिंकनचं आहेच! हेडमास्तरांना लिहिलेलं, वसंत बापटांच्या मराठीत महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत फ्रेम करून टांगलेलं. लिंकनच्या संग्रहित लेखनात या पत्राचा पत्ता नाही. काय बिघडलं? जे पत्र त्याने लिहिल्याचा पुरावा नाही ते आपण दोन-तीन पिढ्या काचेमागे जपलंय, आणि जी पत्रं आपल्या लेखकांनी खरोखर लिहिली ती माळ्यावर कसर खातेय. पुलंच्या नावावर व्हॉट्सॅपवर काय काय फिरतं, ते तर तुम्हाला रोज सकाळी कळतंच.

आता मुख्य उपायाकडे येऊ. लॅमिनेशन.

आमच्याकडे एक पोस्टकार्ड होतं. बाबांनी एका कथेबद्दल लेखकाला शंका विचारली होती, त्याचं उत्तर. लेखक कोण ते सांगत नाही. नाव कळलं की दोन प्रकारचे फोन येतात: एक "देणार का?" आणि दुसरा "ते खरंच इतके तुसडे होते का हो?" निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, बारीक, उजवीकडे चढत जाणारं अक्षर. मधे एक शब्द खोडून त्याच्या डोक्यावर दुसरा घातलेला, आणि खोडलेलाही नीट वाचता यायचा. म्हणजे आधी काय म्हणायचं होतं आणि मग का नको वाटलं, ते दिसायचं. कोरी जागा संपली तेव्हा गृहस्थांनी कार्ड फिरवून समासात उभं एक वाक्य लिहिलं होतं, आणि खरं उत्तर त्या वाक्यात होतं. कागदावरून बोट फिरवलं की पेनाचा दाब लागायचा. समासातल्या वाक्याला तो जास्त होता.

हे कार्ड एका संस्थेने प्रदर्शनासाठी नेलं. "चार दिवसांत परत देतो, अगदी जपून ठेवू." कार्ड परत आलं. सोबत प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल. आणि जपणूक म्हणाल तर काय विचारता! कार्ड दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये, चकचकीत, कोपरे गोल कापलेले. पाकिटात नीट बसावं म्हणून एक कड किंचित छाटलेली. कोणती कड, ते ओळखलं असेलच. समासातल्या वाक्याची वरची अर्धी अक्षरं गेली. शिरोरेघा-मात्रे उरले नाहीत, खालचे पाय उरले. देवनागरी पायांवरून वाचून बघा एकदा. पोस्टाच्या शिक्क्याचाही एक तुकडा गेला, त्यामुळे आता तारीख सांगता येत नाही. आणि वर काय, तर "ताई, बघा किती छान निघालंय! आता पाणी पडलं तरी काही होणार नाही."

पाणी पडलं तरी काही होणार नाही! अहो, पाणी पडण्याच्या आधीच झालं की सगळं! लॅमिनेशनच्या मशीनमध्ये गरम रूळ असतात. त्यातून जाताना प्लास्टिकच्या आतला गोंद वितळतो आणि कागदाच्या धाग्यांत शिरतो. तो पुन्हा निघत नाही. सोलायला गेलात तर प्लास्टिकबरोबर अक्षर निघतं. कागद आतल्या आत पिवळा होत राहतो आणि आपण बाहेरून फडक्याने पुसत बसतो. जुन्या कागदांवर काम करणारी माणसं एक साधा नियम पाळतात, जे कराल ते उलटवता आलं पाहिजे. तो नियम कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला ठाऊक नसेल, त्याला दोष नाही. त्याने आधार कार्डाचं जे केलं तेच याचं केलं. पण तुम्ही? तुमच्या बॅनरवर "अक्षरवारसा" लिहिलं होतं ना?

मला सांगा, कथाकार जी. ए. कुलकर्णींबद्दल आपल्याला जे कळतं ते कुठून कळतं? माणूस धारवाडला राहिला, सभासंमेलनांपासून लांब, गॉगलच्या आड. पण पत्रं लिहिली. "निवडक पत्रे"चे चार खंड झाले; पहिला तर सगळा पुलंच्या पत्नी सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा. निवडक, तरी चार! ते कशामुळे? ज्यांना ती आली त्यांनी ती ट्रंकेत, फायलीत, कपाटाच्या मागच्या खणात ठेवली आणि कुणाच्या हातात दिली नाहीत म्हणून. त्या घरांत एकही उत्साही कार्यकर्ता शिरला नाही, हे मराठी वाङ्मयाचं नशीब.

बरं, यावर संस्थेचं म्हणणं काय, तर "ताई, मजकूर तर स्कॅन केलाय आपण." आपण! तो स्कॅन छाटल्यानंतरचा आहे. आधी केला असता तर मी तुमच्या पायाशी गुलाबाचं फूल ठेवलं असतं.

उपरोध पुरे झाला, आता सरळच बोलते. दुसऱ्याच्या कागदाला काही करण्याआधी विचारायचं असतं. विचारलं नाही, तर निदान कात्री लावायची नाही. प्रदर्शनात झेरॉक्स लावा. रंगीत काढा, दहा रुपये लागतात, लोकांना लांबून फरक कळत नाही. मूळ कागद घरी राहू द्या. आणि ज्यांच्या घरी आहे त्यांनीही शोकेसमध्ये उन्हात मांडू नका, आम्लरहित कागदाच्या घडीत, उघड्या पॉलिएस्टर पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. महिन्याच्या डेटा पॅकपेक्षा स्वस्तात होतं हे. टाचणी काढा, सेलोटेप लावू नका, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला बोलावण्याआधी आजोबांच्या फायली उघडून बघा. एक संध्याकाळ जाईल. मालिका चुकेल एखादी. चुकू द्या!

वर्षभर इंग्रजीत मेसेज पाठवायचे आणि २७ फेब्रुवारीला फेटे बांधून हिंडायचं, याला भाषेवरचं प्रेम म्हणत असाल तर म्हणा. मला त्याचं काही नाही. पण तुमच्या त्या प्रेमाच्या पायी माझ्या बाबांना मिळालेलं उत्तर अर्धं कापलं गेलं, आणि तुमच्यातल्या एकाच्याही तोंडून "चुकलं" हा शब्द निघाला नाही. परवा पुन्हा फोन आला: ताई, पुढच्या वर्षीसाठी आणखी काही पत्रं आहेत का?

आहेत. देणार नाही.