नापास केल्याने पाव-अर्ध्याची बेरीज येते का?

निकालाचे दिवस आले की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर हा मेसेज हटकून फिरतो: ‘आठवीपर्यंत नापास करायचं नाही, परीक्षाच नाही, म्हणून पोरं बिघडली. पूर्वीची पोरं बघा! सहावी-सातवीतच नापास करा, झक मारत अभ्यास करतील.’

‘नापास करायचं नाही’: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं होतं खरं. २०१९ मध्ये केंद्राने ते बदललं आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही राहिला तर पोरगा त्याच वर्गात बसतो. मेसेजवाल्यांपर्यंत ही बातमी पोहोचलेली दिसत नाही.

‘परीक्षाच नाही’: हे तर कधीच खरं नव्हतं. त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे पोराला काय येतंय ते वर्षभर तपासत राहणं, सांगितलंय. काही शाळांत आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या तपासणीच्या, वर्षभराच्या नोंदी एप्रिलमध्ये एका बैठकीत भरल्या जातात, ही तक्रार रास्त आहे. मग तिथे धरा की!

‘नापास केलं की अभ्यास करतील’: चोपड्याच्या बाजारात आईसोबत भाजी विकायला बसणारी सहावीतली एखादी पोरगी घ्या. पाव किलो वांगी आणि अर्धा किलो टमाटे मिळून पिशवीत किती, असं विचारा. पाऊण किलो, असं ती पटकन सांगेल. वर्गात तीच १/४ + १/२ = २/६ लिहिते. वरचे वर मिळवले, खालचे खाली. २/६ तर अर्ध्याहूनही कमी. मिळवल्यावर कमी कसं झालं, हे तिला कुणी थांबवून विचारलंच नाही. बाजारातला पाऊण आणि वहीतला ३/४ एकच, हे तिला दाखवायला दोन तास पुरतील. ते राहिलं, तर पुढे ऋण संख्या येतात, मग बीजगणितातली अक्षरं, आणि सगळंच डोक्यावरून जातं. नापास करून जूनमध्ये त्याच बाकावर बसवलं, त्याच पद्धतीने शिकवलं, तर ती पुन्हा २/६ च लिहील. आळस कुठे आला यात?

‘पूर्वीची पोरं’: जी नापास होऊन शाळेतून गेली, ती या हिशेबात धरलेलीच नाहीत. त्यात मुली किती, हे घरातल्या आत्या-मावश्यांना विचारा. आजही धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्यातल्या सातवीच्या पोराला नापास केलं, तर बाप त्याला पुढच्या हंगामात सोबतच नेईल. त्याला हंगामी वसतिगृहात जागा हवी, आणि बुडालेले धडे शिकवणारं कुणीतरी.