‘फुफ्फुसांचं इंजेक्शन नाकारा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि भजनी मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मथळा आहे ‘एपिजेनेटिक्सने सिद्ध केले गर्भाचे रहस्य’. (एपिजेनेटिक्स म्हणजे डीएनएचा मूळ मजकूर न बदलता जीन्सचं काम कमी-जास्त करणाऱ्या खुणांचा अभ्यास.) मजकूर थोडक्यात असा: आईच्या प्रत्येक विचाराचा ठसा बाळाच्या डीएनएवर कायमचा उमटतो. गर्भात श्लोक ऐकवले की मेंदूचे जीन्स जागे होतात. दिवस भरण्याआधी कळा आल्या तर डॉक्टर जे स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने बाळाचा मेंदू कायमचा बिघडतो. फिनलंडमध्ये 6 लाख 70 हजार मुलांवर हे सिद्ध झालंय, म्हणून ते ठामपणे नाकारा. जन्मल्यावर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी द्या, फुफ्फुसांचे जीन्स मजबूत होतात. काचेच्या पेटीत ठेवू देऊ नका. आणि हे सगळे परिणाम सात पिढ्या टिकतात. शेवटी हात जोडून विनंती: प्रत्येक गरोदर स्त्रीपर्यंत पोहोचवा.

तो पोहोचलाच. मानपाड्याला राहणाऱ्या माझ्या भाचीला 31व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात दाखल केलं, डॉक्टरांनी बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन लिहून दिलं आणि सासूबाईंनी मंडळातून आलेला हा मेसेज तिच्यापुढे धरला. त्यांची तळमळ खरी होती. पण पलंगावर पडलेली, घाबरलेली पोर मला फोन करून विचारते, ‘मावशी, नको म्हणू का इंजेक्शन? बाळाचा मेंदू बिघडेल म्हणतात.’ मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्या दिवशी फोनवर जे घाईघाईने सांगितलं, ते इथे नीट लिहिते आहे, कारण हा मेसेज तिच्यापाशी थांबलेला नाही.

इंजेक्शनपासूनच सुरुवात करते. बाकीच्या मुद्द्यांनी गैरसमज वाढतील, अपराधीपणा येईल. इंजेक्शन नाकारल्याने मात्र बाळ दगावू शकतं.

पोटात असताना बाळ फुफ्फुसांनी श्वास घेत नाही. जन्मल्याबरोबर मात्र लाखो बारीक हवेच्या पिशव्या फुगाव्या लागतात आणि श्वास सोडल्यावरही थोड्या उघड्या राहाव्या लागतात. त्यासाठी आतून सर्फॅक्टंट नावाचा एक स्निग्ध थर लागतो. तो पुरेसा तयार होतो साधारण 34-35 आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या हवेच्या पिशव्या ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या मिटून एकमेकींना चिकटतात. प्रत्येक श्वासाला बाळाला त्या पुन्हा ओढून उघडाव्या लागतात आणि काही तासांत ते थकतं. 1963 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसही जगला नाही. कारण हेच. सत्ता, पैसा, देशातले उत्तम डॉक्टर, सगळं हाताशी होतं. उपाय मात्र तेव्हा नव्हता.

तो उपाय न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला सापडला. ग्रॅहम लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. स्टेरॉइड दिलेली, दिवस न भरलेली कोकरं जगायला नको होती, तरी श्वास घेत होती. मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी 282 गरोदर स्त्रियांवर चाचणी केली आणि 1972 मध्ये निकाल प्रसिद्ध केला. इंजेक्शन मिळालेल्या आईंची बाळं कमी दगावली. हे औषध आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं आणि फुफ्फुसातल्या पेशींना सर्फॅक्टंट लवकर बनवायला लावतं. म्हणजे जीन्सचं काम बदलतं, हो. त्यासाठीच तर ते देतात.

‘हे सगळं परदेशात’ असं कुणी म्हणेल म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या 29 रुग्णालयांत 2852 स्त्रियांवर चाचणी घेतली. 26 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान बाळंत होण्याची चिन्हं असलेल्या या स्त्रिया. निम्म्यांना डेक्सामेथासोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. 2020 मध्ये निकाल आला: औषध न मिळालेल्या गटात 23.5 टक्के नवजात बाळं दगावली, औषध मिळालेल्या गटात 19.6 टक्के. दर 25 स्त्रियांमागे एक बाळ वाचलं. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तर 2014 मध्येच सूचना काढली होती: 24 ते 34 आठवड्यांत कळा आल्या तर 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, 12 तासांच्या अंतराने चार वेळा. गावातल्या एएनएम ताईंनीही (आरोग्यसेविकांनीही) मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस द्यावा, असं त्यात आहे. कारण इथे वेळेला किंमत आहे. औषधाला पुरतं काम करायला साधारण एक दिवस लागतो. माझ्या भाचीने इंजेक्शन घेतलं. पण हो-नाही करण्यात जो वेळ गेला, तो त्या मेसेजने खाल्ला. याचा मला अजून राग आहे.

आता फिनलंड. अभ्यास खरा आहे, आकडाही खरा आहे. 2020 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो छापून आला. 2006 ते 2017 या काळात जन्मलेली 6,70,097 मुलं. पण मेसेज लिहिणाऱ्याने निष्कर्षाचा मधला भाग कापून टाकला आहे. आईला इंजेक्शन दिलं, पण बाळ पुढे पूर्ण दिवसांचं जन्मलं, अशा मुलांत लक्ष, भाषा, झोप, वागणूक यांच्या अडचणींच्या नोंदी जास्त होत्या: 8.89 टक्के, इंजेक्शन न मिळालेल्या पूर्ण दिवसांच्या मुलांत 6.31. आणि जी बाळं खरोखर दिवस भरण्याआधी जन्मली, म्हणजे ज्यांच्यासाठी हे इंजेक्शन आहे? किती आठवडे आधी जन्मली वगैरे बाबी हिशेबात धरल्यावर त्यांच्यात काहीच फरक उरला नाही. अभ्यासात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. 31व्या आठवड्यात कळा देणाऱ्या बाईला नेमका तोच अभ्यास दाखवून घाबरवायचं, याला काय म्हणावं?

आणखी एक. त्या अभ्यासात एकाही मुलाचा डीएनए तपासलेला नाही. फिनलंडमध्ये जन्माच्या आणि आजारांच्या सरकारी नोंदी जोडता येतात, त्या जोडून हे काम झालं. ‘एपिजेनेटिक्सने सिद्ध केले’ हे त्याला चिकटवलेलं लेबल आहे. शिवाय ज्या आईला हे इंजेक्शन द्यावं लागतं, तिच्या गरोदरपणात आधीच काही ना काही गुंतागुंत असते. त्या गुंतागुंतीचा परिणाम किती आणि औषधाचा किती, हे नुसत्या नोंदींवरून वेगळं काढता येत नाही.

तरीही एक गोष्ट कबूल करावी लागेल. प्रत्येक पोटदुखीला ‘असू दे, देऊन ठेवू’ म्हणून हे इंजेक्शन दिलं जात असेल, किंवा पुन्हा पुन्हा दिलं जात असेल, तर ते बरोबर नाही आणि फिनलंडच्या अभ्यासाचा खरा इशारा तोच आहे. डॉक्टरांना जरूर विचारा: आठवडे पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून मोजलेत का? येत्या सात दिवसांत बाळंतपण होण्याची शक्यता कितपत आहे? आईला कुठला संसर्ग तर नाही ना? ही विचारपूस करायचा तुम्हाला हक्क आहे. मेसेज मात्र विचारा म्हणत नाही, नाकारा म्हणतो.

दुसरा धोका धुरीचा. धूर म्हणजे जळलेल्या पदार्थाचे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड; ओवा जाळा, वावडिंग जाळा नाहीतर उदबत्ती. बाळाच्या बहुतेक हवेच्या पिशव्या जन्मानंतर तयार होतात, पहिली दोन-तीन वर्षं तर झपाट्याने. बंद खोलीत, शेगडीवर, तान्ह्या बाळाला धुरात धरायचं आणि त्याला फुफ्फुसांचं पोषण म्हणायचं, हे मला सहन होत नाही. घोडबंदरवर मेट्रोच्या खांबांची, बांधकामांची धूळ खिडकीतून येते म्हणून आपण दिवसभर पडदे ओढून बसतो, गॅलरी दोनदा पुसतो. आणि त्याच घरात, त्याच बाळासाठी मुद्दाम धूर करायचा? आजीने केलं, आईने केलं, हे मला ठाऊक आहे. बाळंतिणीला ऊब हवी, खोली कोरडी हवी, हे त्यातलं बरोबर. ऊब द्या. धूर नको.

फुफ्फुसं आणि एपिजेनेटिक्स यांचा सगळ्यात भक्कम पुरावा तर मेसेजमध्ये आलेलाच नाही. तो तंबाखूचा आहे. 2016 मध्ये 13 अभ्यासगटांतल्या 6685 नवजात बाळांची माहिती एकत्र केली गेली. गरोदरपणात आई सिगारेट ओढत असेल तर बाळाच्या डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा हजारो ठिकाणी बदललेल्या सापडल्या. त्यात एएचआरआर हा जीन पुन्हा पुन्हा समोर येतो. धुरातल्या विषारी द्रव्यांना शरीर कसं तोंड देतं, त्याच्याशी त्याचा संबंध आहे. आपल्याकडे गरोदर बायका सिगारेट कमी ओढतात, पण घरातले पुरुष ओढतात आणि त्याच खोलीत बसून ओढतात. मिश्री लावणाऱ्या बायका तर अजूनही आहेत, आणि मिश्री हाही तंबाखूच. एवढ्या लांब मेसेजमध्ये बापाला उद्देशून एक ओळ नाही. सगळा भार आईच्या मनावर.

तो ‘प्रत्येक विचाराचा ठसा’ तसाच. ज्या संशोधनाचा हा विपर्यास आहे, ते उंदरांवरचं आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं की ज्या माद्या पिल्लांना जास्त चाटतात, त्यांच्या पिल्लांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जीनवरच्या खुणा वेगळ्या असतात. पण कमी चाटणाऱ्या मादीचं पिल्लू जन्मल्याबरोबर जास्त चाटणाऱ्या मादीकडे दिलं, की खुणा नव्या आईप्रमाणे घडल्या. म्हणजे हा परिणाम जन्मानंतरच्या सांभाळाचा आहे, गरोदरपणातल्या विचारांचा नाही. माणसाच्या जिवंत बाळाचा मेंदू तर असा तपासताच येत नाही. नाळेचं रक्त, वार, गालाच्या आतल्या पेशी यांवर अभ्यास होतात, आणि रक्तातल्या खुणा म्हणजे मेंदूतल्या खुणा नव्हेत. गरोदर बाईवर दीर्घकाळ मोठा ताण असेल, घरात मारहाण असेल, तर त्याचा त्रास बाळालाही होतो, हे खरंच आहे. पण त्यावरचा उपाय तिला आधार देणं हा आहे. ‘तू वाईट विचार केलास म्हणून’ हे वाक्य कुठल्याही आईला ऐकावं लागू नये.

श्लोकांचं लवकर आटपते. शेवटच्या तिमाहीत बाळाला ऐकू येतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. 1980 मध्ये प्रयोगाने दाखवलेली गोष्ट आहे ही. म्हणा श्लोक, म्हणा ओव्या, आईला बरं वाटतं तेवढं पुरे. त्याने जीन्स जागे होतात याला पुरावा नाही. मज्जारज्जू आणि मेंदूच्या जडणघडणीसाठी पुरावा आहे फॉलिक अॅसिडच्या गोळीचा, आणि ती दिवस राहण्याआधीपासून घ्यावी लागते. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

काचेच्या पेटीबद्दल अर्धं बरोबर आहे. आईपासून बाळाला उगाच दूर ठेवू नये. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या चाचणीत, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं, 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवल्यावर मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. पण हे सगळं नवजात अतिदक्षता विभागातच झालं. आई तिथे होती, ऑक्सिजन तिथे होता, नर्स तिथे होती. डिस्चार्ज मागून बाळ घरी नेणं म्हणजे ते नव्हे.

सात पिढ्यांचं तर कुणी मोजलेलंच नाही. 1944-45 च्या डच दुष्काळात गर्भात असलेल्यांच्या एका जीनवरच्या खुणांत साठ वर्षांनीही फरक सापडला, तो त्याच माणसांत आणि थोडासा. बीजपेशी तयार होताना आणि गर्भधारणेनंतर लगेच अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात.

भजनी मंडळातल्या ज्या बाईंकडून हा मेसेज आला, त्यांच्याशी मी बोलले. ‘चांगल्या भावनेने पाठवला हो’ म्हणाल्या. मान्य. पण आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर तो अजून आहे. अॅडमिननी तो आज काढावा. आणि ज्यांनी ज्यांनी तो एखाद्या गरोदर मुलीला पाठवलाय, त्यांनी दुसरा मेसेज न पाठवता तिला फोन करावा आणि इंजेक्शनचा मुद्दा चुकीचा होता, डॉक्टर सांगतील तेव्हा घे, एवढं तिच्याशी बोलून सांगावं.