मान कुठे वळवायची, हे कोणी ठरवायचे?

शनिवारी संध्याकाळी नितीन कट्ट्यावर नवा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी चित्र दाखवणारा चष्मा, घेऊन आला आणि चहा येण्याआधीच त्याने जाहीर केले की, दहा वर्षांत चित्रपटगृहांना टाळे लागणार. मग तो चष्मा आळीपाळीने सगळ्यांच्या डोळ्यांवर चढला. संज्योत तर बसल्या जागी मागे वळून काहीतरी शोधू लागली आणि तिच्या कोपराने दोन कटिंग सांडले.

संज्योत चित्रपटांचे संकलन करते. चष्मा काढून ती म्हणाली, "मी मागे बघत होते तेव्हा पुढे काय घडले, ते मला कळलेच नाही. प्रेक्षकाने केव्हा काय पाहायचे हे मी ठरवते, त्याचेच मला पैसे मिळतात. इथे मी कट देणार कुठे?"

यावर नितीनने मेक्सिकन चित्रपट दिग्दर्शक इन्यारितूचे नाव पुढे केले. त्याच्या 'कार्ने इ अरेना' या व्हीआर कलाकृतीत प्रेक्षक अनवाणी पायांनी खऱ्या वाळूवर चालत सीमा ओलांडणाऱ्या स्थलांतरितांच्या घोळक्यात शिरतो. 2017 मध्ये ही कलाकृती कान महोत्सवात दाखवली गेली आणि तिला विशेष ऑस्करही मिळाले. "मिळाले ना," संज्योत म्हणाली, "पण ती जेमतेम सात मिनिटांची आहे आणि एका वेळी एकच माणूस आत जातो. त्यावर थिएटर कसे चालेल?"

मधुकाकांना आठवला तो थ्रीडी टीव्ही. 2010 च्या सुमारास दुकानादुकानांत त्याचे चष्मे टांगलेले असत आणि 2017 मध्ये एलजी व सोनी यांनीही ते टीव्ही बनवणे थांबवले. ॲपलचे व्हिजन प्रो हे असेच हेडसेट 2024 मध्ये आले ते 3,499 डॉलरना, सहाशे ग्रॅमहून जड आणि बॅटरी दोन-अडीच तासांची. "म्हणजे तार जोडली नाही, तर आपल्या हिंदी चित्रपटाचा क्लायमॅक्स राहूनच जायचा," काका म्हणाले.

या चष्म्यातले चित्र धूसर का दिसते, याचा हिशेब मी बिलाच्या पाठीवर मांडला. 360 अंशांच्या फोरके चित्रात 3,840 पिक्सेल पूर्ण वर्तुळावर पसरतात. आपल्याला एका वेळी त्यातला साधारण चतुर्थांश भाग दिसत असेल, तर डोळ्यांसमोर आडवे 960 च उरतात. हा दोष मात्र कालांतराने दूर होईल. संज्योतचा आक्षेप तसा दूर होणारा नाही, कारण तो यंत्राविषयी नाहीच.

माझ्या मते, जिथे मुळातच कट नसतो तिथे या चष्म्याला खरी जागा आहे. जिओने 2023 च्या आयपीएलसाठी 1,299 रुपयांना फोन बसवायचा हेडसेट आणला, त्यामागचा विचार मला योग्य वाटतो: मैदानात बसलेला माणूसही गोलंदाजाकडे पाहायचे की सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाकडे, हे स्वतःच ठरवतो. नाटकाचेही तेच. तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीवर कॅमेरा ठेवला, तर परदेशातल्या मराठी माणसाला ती खुर्ची मिळेल आणि दिग्दर्शकाचे काहीही हिरावले जाणार नाही. उलट, टीव्हीवरच्या नाटकात नको तेव्हा येणारा क्लोज-अप टळेल. हे संज्योतलाही पटले. नितीनला मात्र ही माघार वाटली.

मधुकाकांनी एवढेच विचारले, "आणि शेजारच्या बाईंचा मोबाइल वाजला, तर वळून त्यांच्याकडे रागाने बघता येईल का?"

"बघता येईल," नितीन म्हणाला, "पण त्यांना ते कळणार नाही."