एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: फ्रॉगचे हूक बोथट नव्हते

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एवढ्या लांबून कुडाळला आमच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आलात, सकाळी माझ्या पोराबरोबर मरळ गरवायला (गळाने पकडायला) गेलात आणि रिकाम्या हाती परत गेलात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुपारी तुम्ही केलेला फोन उचलला गेला नाही, त्याबद्दलही माफी मागतो. एक ते चार दुकान बंद असतं, तसा बोर्डही लावलेला आहे, पण तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला ते ठाऊक असायचं कारण नाही.

बाकीची नाराजी मी ऐकून घेतो. पण 'बोथट हुकाचा डुप्लिकेट फ्रॉग गळ्यात मारला, म्हणून पाच-सहा मरळ तोंडाला लागून सुटले' हे तुम्ही लिहिलंय, ते मला रात्रभर लागून राहिलं. (फ्रॉग म्हणजे बेडकाच्या आकाराचं, दोन हुकांचं पोकळ रबरी आमिष.) १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला, खडकावरून गरवणारेही घरी बसतात. या दिवसांत माझं दुकान चालतं ते तळी, व्हाळ (ओढे) आणि मळ्यांत मरळ गरवणाऱ्यांवर, म्हणजे मुख्यतः फ्रॉगवरच. त्याच मालाला तुम्ही डुप्लिकेट म्हणालात. शनिवारी येणाऱ्या एका ग्रुपने तुमचा रिव्ह्यू वाचून फोन केला, 'हूक चांगले आहेत ना?' म्हणून. म्हणून इथे सगळ्यांसमोर सविस्तर लिहितोय.

तो फ्रॉग पुठ्ठ्यावरून काढून मी काउंटरवर तुमच्यासमोर हुकांची दोन्ही टोकं अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढून दाखवली होती. टोक नखावरून घसरलं तर हूक बोथट, जागीच रुतलं तर धारदार. दोन्ही रुतली. एक टोक तुम्ही स्वतःच्या नखावर लावून पाहिलंत आणि 'ओके' म्हणालात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर करतो, फ्रॉग कितीचाही असो.

आता तुम्हीच रिव्ह्यूत टाकलेला फोटो मोठा करून बघा. फ्रॉगच्या नाकाला स्टीलची वायर आणि मोठा स्नॅप स्विव्हल (उघडझाप होणारी फिरती कडी) लावलेला आहे, पुढे तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी. दुकानात मी पन्नास पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली, न ताणणारी दोरी काढून दिली होती आणि ती थेट फ्रॉगच्या कडीला पालोमार गाठीने बांधा असं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'रीलवर तंगूस आहे ती चालेल.' गिऱ्हाइकाला मी जबरदस्ती करत नाही. पण फरक कुठे पडतो ते ऐका. तंगूस ताणली जाते. वीस-पंचवीस मीटरवर, मध्ये शेवाळ आणि कुमुदिनीची पानं असताना तुम्ही रॉड उचललात की बराचसा जोर त्या ताणातच जातो. मरळाचा जबडा हाडाचा, आणि फ्रॉगचे दोन्ही हूक झाडीत अडकू नयेत म्हणून पाठीला चिकटून असतात. आधी फ्रॉगचं पोकळ अंग दबायला हवं, मग टोकं उघडी पडतात, मग ती हाडात शिरतात. इतकं सगळं एका झटक्यात व्हायचं तर दोरी न ताणणारी लागते आणि रॉड कडक लागतो. तुमचा सहा फुटी नाजूक रॉड पिठाची गोळी लावून काळुंदरासारखा छोटा मासा गरवायला उत्तम आहे, फ्रॉगला तो मऊ पडतो. सात फुटी हेवी रॉड भाड्याने घ्या असंही मी म्हटलं होतं.

वायरचं तर अजिबात काम नव्हतं. मरळाला दात असतात हे खरं, पण चांगली जाड ब्रेड तो सहसा तोडत नाही. वायर आणि स्नॅपच्या वजनाने फ्रॉगचं नाक पाण्यात जातं, तो डावी-उजवीकडे डोलत चालत नाही, आणि स्नॅपमध्ये शेवाळाचा गुंता होतो. फोटोत तो गुंता दिसतोय.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट आहे. दातांच्या खुणा फ्रॉगच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या रबरी झालरीजवळ आहेत. अंगाच्या मध्यावर, हुकांच्या टोकांजवळ एकही नाही. याचा अर्थ मासा मागून आला, झालर तोंडात धरली आणि तेवढ्यात फ्रॉग ओढला गेला. माझ्या पोराने, जो सकाळी तुमच्याबरोबर होता, मला सांगितलं की पाण्यावर फट् आवाज झाला रे झाला की तुम्ही रॉड खेचत होतात. तो दर वेळी म्हणत होता, 'सायबानू, वायच थांबा, घेवं दे तेका' (जरा थांबा, घेऊ दे त्याला). तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की 'मुलगा सतत टोकत होता'. टोकत नव्हता साहेब, शिकवत होता. लहानपणापासून मरळ गरवतोय तो.

आवाज झाला तरी हात आवरायचा. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे न्यायचं, सैल दोरी रीलवर घ्यायची, पलीकडे वजन जाणवलं किंवा दोरी बाजूला सरकायला लागली की मगच जोरात वर मारायचं. एवढ्यात एक-दोन सेकंद जातात, आणि नवख्या माणसाला ते फार लांब वाटतात हे मला कळतं. मारल्यावर मात्र ढील द्यायची नाही, ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट ठेवून मासा पानांवरूनच ओढत आणायचा. खाली मुळांत शिरला की संपलं. पहिला हल्ला चुकला तर फ्रॉग परत ओढून घ्यायचा नाही, तिथेच निपचित ठेवायचा. मरळ बऱ्याचदा वळून पुन्हा येतो. तुमचे दोन मासे असे परत आले होते असं पोरगा म्हणाला, पण फ्रॉग तोवर काठाला पोचला होता.

वेळेबद्दल एकच वाक्य. साडेपाचला निघायचं ठरलं होतं, तुम्ही पावणेआठला आलात. ऊन चढलं की मासा पानांखाली दबून बसतो.

किमतीबद्दल. ऑनलाइन दीडशेला फ्रॉग मिळतो हे मलाही माहीत आहे, मी आणून पाहिलेत. अंग कडक असतं, दाबलं तरी हूक उघडे पडत नाहीत, आणि दोन चाव्यांत पोटात पाणी भरून बुडायला लागतो. आमचा साडेचारशेचा आहे, बोटाने दाबून बघा, लगेच दबतो. आत शिरलेलं पाणी पिळून काढता येतं. गढूळ पाण्याला काळा घ्या असं मी सांगितलं होतं, कारण मासा खालून बघतो आणि आभाळासमोर त्याला काळी आकृतीच ठळक दिसते. तुम्ही हिरवा घेतलात, तरी त्यावर हल्ले झालेच, म्हणजे रंगाची काही तक्रार नाही.

'समोर मोठी जोडी दिसत असून टाकू दिलं नाही' या तक्रारीबद्दल मी माफी मागणार नाही. त्या जागी पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा फिरत होता. आई-बाप खाली राखण करतात आणि पिल्लांजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात, फ्रॉगवरसुद्धा. तिथे मासा काढणं सोपं असतं. पण आई-बाप काढले की तो थवा बाकीच्या माशांच्या पोटात जातो. पिल्लांवर फ्रॉग टाकायचा नाही हा आमचा नियम सगळ्यांना सारखाच आहे, पैसे कितीही दिले तरी. पोराने तुम्हाला अडवलं ते बरोबरच केलं.

यापुढे फ्रॉगसोबत मराठीत छापलेला एक कागद देण्याचा विचार आहे, कुठली दोरी, कुठली गाठ, किती थांबायचं ते त्यात असेल. दुपारच्या फोनचीही काहीतरी सोय करतो. झालर थोडी कापून आखूड केली तर मागून धरणारा मासाही हुकापर्यंत येतो, ते काम मी काउंटरवर फुकट करून देतो. हुकांची टोकं पक्कडीने किंचित बाहेर वाकवून देणारेही आहेत, मी नव्या माणसाला ते करून देत नाही, कारण मग फ्रॉग प्रत्येक पानात अडकतो.

तुमचा फ्रॉग टाकून देऊ नका. पुढच्या वेळी घेऊन या, किंवा कुरिअर करा. हूक तुमच्यासमोर, हवं तर व्हिडिओ कॉलवर, नखावर लावून दाखवतो. बोथट निघाले तर साडेचारशे रुपये परत देतो आणि इथेच तसं लिहितो. धारदार निघाले तर ते एक वाक्य तेवढं बदला, तारे कितीही ठेवा. ब्रेड आणि सात फुटी रॉड एका सकाळसाठी भाडं न घेता देईन, फक्त साडेपाचला या.