सात कुठून आला?

एवढंच विचारलं होतं. सात कुठून आला?

रविवारी ठाण्यातल्या गणिताच्या क्लासला सरांनी फळ्यावर लिहिलं, एक्स ३ कडे जाताना एक्स-वर्गाची सीमा ९ आहे, सिद्ध करा. बरं, ३ चा वर्ग ९ हे माझ्या भाचीलाही ठाऊक आहे, पण सिद्ध करा म्हटलं की करायचं. पुढची ओळ: ‘एप्सिलॉन शून्याहून मोठा दिला आहे. १ आणि एप्सिलॉन भागिले ७, यांतला जो लहान तो डेल्टा घ्या.’ एप्सिलॉन म्हणजे एक्स-वर्ग ९ पासून किती लांब चालेल ती मर्यादा, आणि डेल्टा म्हणजे त्यासाठी एक्सला ३ च्या किती जवळ ठेवायचं ते अंतर.

घ्या? कुठून घ्या? गावदेवी मार्केटातून?

हात वर केला. ‘सर, सातच का?’ सर म्हणाले, ‘पुढे कळेल.’ पुढे म्हणजे चार ओळींनी ‘म्हणून हे एप्सिलॉनपेक्षा कमी’ असं लिहून खाली सिद्धता संपल्याचा चौकोन काढला आणि फळा पुसला. मागच्या बाकावरचा टीवायचा, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, ‘काका, ते उलटं करायचं असतं.’

काका! अजून पस्तिशी गाठायचीये मला.

आणि उलटं करायचं असतं, तर ते फळ्यावर उलटं करून दाखवायला खडू संपला होता का? रात्री घरी रफ पानावर मीच शेवटाकडून मागे येत मांडलं. एक्स-वर्ग वजा ९ म्हणजे (एक्स वजा ३) गुणिले (एक्स अधिक ३). पहिला तुकडा आपल्या मुठीत, तो डेल्टाहून लहानच राहणार. दुसरा मोकाट. त्याला आवरायला आधीच बजावायचं की बाबा, ३ पासून १ पेक्षा लांब जायचं नाही. मग एक्स २ आणि ४ च्या मध्ये अडकला, आणि एक्स अधिक ३ काही केल्या ७ च्या वर जात नाही. हा तुमचा सात! एवढंच होतं! आणि तो १ सुद्धा कुणी देवाने दिलेला नाही. १ ऐवजी १०० घ्या, ७ च्या जागी १०६ येतात, सिद्धता तशीच उभी राहते. फक्त तो १ उडवून नुसतं एप्सिलॉन भागिले ७ ठेवलं की आपटलात. एप्सिलॉन १४ द्या, डेल्टा आला २. एक्स ४.९ घ्या, वर्ग २४.०१, फरक १५.०१. चौदाच्या बाहेर. खलास.

हे सांगायला पाच मिनिटं लागत नाहीत. पण नाही! रफ काम फाडून टाकायचं, फेअर तेवढं छापायचं. ताटात एकवीस कळ्यांचा मोदक ठेवायचा आणि उकड कशी काढली विचारलं की म्हणायचं, मोदक समोर आहे ना?

हा रोग दहावीपासूनचा. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि कंसात कारणं. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आम्ही आकृतीच्या अक्षरांसकट पाठ केलं होतं. सराव परीक्षेत एबीसीच्या जागी पीक्यूआर आलं आणि अर्धा वर्ग घामाघूम. मग इंजिनीअरिंग. तिथे एम-थ्री या गणिताच्या पेपरात लाप्लास ट्रान्सफॉर्मचा तक्ता असतो, ‘का’ नसतो. ‘का’ विचारणाऱ्याला केटी असते, म्हणजे विषय राहतो.

आणि उपदेश करणारे! एक म्हणतो, ‘चित्र काढ, इन्ट्यूशन येईल.’ काढलं. दुसरा म्हणतो, ‘चित्र म्हणजे सिद्धता नव्हे.’ आधी आपसात ठरवा. वर १८७२ साली वायरस्ट्रास या जर्मन गणितीने असं फंक्शन मांडून ठेवलंय, जे सगळीकडे सलग आहे, म्हणजे कुठे तुटत नाही, आणि एकाही बिंदूला त्याचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ठरावीक चढ नाही. काढा त्याचं चित्र. काढा ना!

बरं, इन्ट्यूशन म्हणाल तर खुद्द कोशी या फ्रेंच गणितीची घसरली होती. सलग फंक्शनांची अभिसारी, म्हणजे बेरीज ठरावीक किमतीला जाणारी, अनंत मालिका घेतली की बेरीजही सलगच येते, असं त्याने १८२१ मध्ये छापलं. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलने अपवाद काढून दाखवला. कॅल्क्युलस मांडणाऱ्या न्यूटन-लायब्निझनंतर ही एप्सिलॉन-डेल्टाची भाषा बसायला एकोणिसावं शतक उजाडलं, आणि मला ती रविवारी अकरा ते एकमध्ये ‘दिसायला’ हवी. रामानुजनचा दाखला तर कृपा करून देऊ नका. तो म्हणायचा, नामगिरी देवी स्वप्नात येऊन सूत्रं सांगते. माझ्या स्वप्नात मॅनेजर येतो, सोमवारच्या डिप्लॉयमेंटचं विचारायला.

मोबाईलवरचे ते व्हिडिओ आणखी वेगळे. मागे पियानो, रंगीत बाण फिरतायत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, ऐरोली येईपर्यंत सगळं कळलेलं असतं. ऑफिसात पोचून कागद घेतला की शून्य. कुणी सांगितलंय तुला हे, असं बायको विचारते. रास्त प्रश्न आहे. लोक या वयात घोडबंदरला टू बीएचके बघतात, मी डेल्टा बघतोय.

पण आता सुटत नाही. काल ३ च्या जागी ५ टाकून पाहिले, ७ चे ११ झाले. १० टाकले, २१. म्हणजे बिंदू ए धन असेल तर दोन ए अधिक १. अहाहा! जितकं लांब जावं तितका हा आकडा सुजत जातो आणि डेल्टा आक्रसत जातो, म्हणजे एकच डेल्टा सगळीकडे पुरणार नाही! छाती फुगवून पुढचा धडा उघडला, युनिफॉर्म कंटिन्यूइटी, म्हणजे एकच डेल्टा सगळीकडे पुरणं. तिथे हेच, माझंच, एका ओळीत: ‘एक्स-वर्ग संपूर्ण वास्तव रेषेवर युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही. सिद्धता वाचकावर सोडली आहे.’

सोडली आहे म्हणजे? पुस्तकाचे पैसे पूर्ण घेतलेत ना?